लुगड्याखालची दोरी

दोरी तुटली आणि मूठ तेवढी माझ्या हातात आली. लाकडाच्या टालीवर करवत ओढणारे सगळे हसले.

"गेला गा मारोत्या, तुझा विलायती बैल बसला खाली," रुपराव म्हणाला.

रुपराव आणि मी अठरा वर्षं एकाच करवतीची दोन टोकं ओढली. लढाई संपल्यावर ओमप्रकाश शेठनं लष्कराच्या लिलावातून ही पेट्रोलवरची, दोरी ओढून सुरू करायची साखळी-करवत आणली. तेव्हापासून मी मशीनवर आणि तो ओंडक्याखालच्या खड्ड्यात, हातकरवतीचं खालचं टोक ओढत.

शेठ आले. "मारोतराव, दोन वाजता रेल्वेचा साहेब येऊन राहिला. मशीन चालली तर ठेका आपला. नाही तर मी उद्या हिले विकतो, अन् तुम्ही परत खड्ड्यात."

माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर उठत नाही. खड्ड्यातली करवत मला एक दिवसही झेपली नसती. हे शेठला माहीत नव्हतं. रुपरावला होतं. त्याचं हसू थांबलं.

मी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आतली दोरी गुंडाळणारी चकरी बरी होती, तिच्या पोटातली स्प्रिंगही बरी. दोरी तेवढी झिजून गेली होती. रुपरावनं अंबाडीची दोरी आणून दिली.

"ही लाव. हिले बैल तोडत नाही."

"बैलाले ठीक आहे गा. इथं हिचे केस सुटतीन अन् चकरी जाम होईन. बारीक सुती पाहिजे, घट्ट पिळाची."

"आज इतवारी बाजारात हरताळ आहे. कुठून आणतं?"

कुठून ते मला ठाऊक होतं.

भागीरथा, माझी बायको, गिरणीत होती तेव्हा वाया गेलेलं सूत घरी आणायची. एका दुपारी तिनं त्याची दोरी वळली. मी टोक धरून उभा होतो. "सैल सोडू नका जी," ती सारखी म्हणत होती. ती दोरी आम्ही अंगणात कपडे वाळत घालायला बांधली.

भागीरथा जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ताप चढला त्या सकाळी तिनं हिरवं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं. ते तिथंच होतं. तेराव्याला शेजारच्या रंभावहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, असं टांगून ठेवू नये. देऊन टाका कोणाले."

"वाळलं नाही अजून," मी म्हणालो होतो.

मशीनची दोरी तुटली त्या दिवशी भर उन्हात घरी गेलो. लुगडं काढलं. एका बाजूनं ते पार विटलं होतं. वहिनी त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी घडी घालून त्यांच्या हातात दिलं.

"वाळलं?" त्यांनी विचारलं.

"वाळलं."

मग दोन्ही खांबांच्या गाठी सोडल्या.

टालीवर येऊन दोरी मापली. तीन हात पुरे होती, ती निघाली दहा हात. कापली. टोक मेणबत्तीच्या मेणात बुडवून बोटांनी टोकदार केलं. चकरी चार वेढे उलटी फिरवली, मागं फिरू नये म्हणून खिळा अडकवला. दोरी भोकातून घालून आत गाठ मारली, बाहेरच्या टोकाला मूठ बांधली. खिळा काढला तशी चकरीनं दोरी सरसर आत ओढून घेतली. पीळ कुठं सुटला नाही. सुटणार नाही हे मला माहीतच होतं.

साहेबापुढं मशीन तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. सागाचा ओंडका पाच मिनिटांत दोन झाला. साहेबानं कापलेल्या तोंडावर हात फिरवून पाहिला आणि शेठकडं बघून मान हलवली.

साहेब गेल्यावर शेठ म्हणाले, "मुंबईहून मशीनची खरी दोरी मागवून देतो तुम्हाले."

"काहून? ही चालते," मी म्हणालो.

सांजेपर्यंत अकरा ओंडके कापले. प्रत्येक ओंडक्यानंतर मशीन बंद केली की रुपराव खड्ड्यातून वर यायचा. "सरक. मी ओढतो, तुह्या खांद्याले त्रास होईन."

मी त्याला दोरीला हात लावू दिला नाही. अकराही वेळा डाव्या हातानं मीच ओढली.