पन्नास मिनिटांचा फळा

मी एका लहानशा विमानतळाच्या तिकीट-खिडकीवर टांगलेला फळा बोलतोय. जरा भीतभीतच बोलतोय. जन्मभर एकच गोष्ट सांगत आलो आणि तीच खोटी ठरली.

विमानाचा पंखा ज्या लाकडी खोक्यातून आला, त्याचं मी झाकण. रंगाऱ्याने मला निळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: पलीकडच्या विमानतळापर्यंत अंतर २१० किलोमीटर, वेळ ५० मिनिटे. दोन्ही विमानतळ एवढेसेच. एक धावपट्टी, एक खोली, बाहेर दोन बाकं. "किती वेळ लागतो हो?" असं कुणी विचारलं की खिडकीतल्या ताई नुसती हनुवटी वर करायच्या. लोक मला वाचून निर्धास्त व्हायचे. मला केवढा ताठा आला होता!

विमानात इंधन भरणारे मिस्त्रीकाकाही माझ्यावरच विसंबायचे. टाकी गच्च भरली तर वजन वाढून सामान खाली ठेवावं लागे. म्हणून त्यांचा नेम ठरलेला: फळ्यावरचा वेळ, वर अर्धा तास, तेवढंच इंधन.

मग जुनं विमान गेलं आणि हळू उडणारं दुसरं आलं. त्याला पासष्ट मिनिटं लागायची. रंगाऱ्याला बोलवायला हवं होतं. ताई म्हणाल्या, "पंधरा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय? बघू सवडीने." सवड काही झाली नाही.

त्या दुपारी ताईंचा धाकटा भाऊ, आमचा वैमानिक, आठ प्रवासी घेऊन निघाला. या विमानावर त्याचा दुसराच दिवस. समोरून वारा सुटला होता.

"काका, भरलंत ना?"

"फळ्याप्रमाणे भरलंय. जा बिनघोर."

"आणि पोचलास की फोन कर," ताई ओरडल्या. "नाहीतर बसशील गप्पा हाणत!"

"करतो गं, किती ओरडतेस!"

पन्नास मिनिटं झाली. साठ झाली. रेडिओवर नुसती खरखर. पासष्ट झाल्यावर ताईंनीच पलीकडे फोन लावला. "अजून दिसत नाही," तिकडचा माणूस म्हणाला. "वारा फार आहे इकडे."

काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, मी पन्नासच धरले. याच्यावरचे."

"म्हणजे?"

"ऐंशी मिनिटांपुरतंच इंधन आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. खिळ्यावरून निसटून खाली पडावं आणि माझे तुकडे व्हावेत, असं वाटलं. पंचाहत्तर. सत्त्याहत्तर. ऐंशी. काकांनी डोळे मिटून घेतले होते. ताई फोनवर हात ठेवून बसल्या होत्या. उचलायचं धाडस नव्हतं.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला फोन वाजला. विमान उतरलं होतं. चाकं टेकली आणि धावपट्टीवरच यंत्र बंद पडलं. माणसं विमान ढकलत आणत होती.

"ताई, रडतेयस का?" भावाचा आवाज आला.

"नाही, नाचतेय मेल्या!" म्हणत ताई खाली जमिनीवरच बसल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी स्टुलावर चढून माझे पन्नास खरवडून काढले. आता माझ्यावर अंतर तेवढं रंगवलेलं आहे. वेळ रोज सकाळी खडूने लिहितात, तोही काकांनी वारा पाहिल्यावर.

तरी माझी भीती गेलेली नाही. कुणी मला वाचून निवांत पाठ फिरवली की मी आतून कापतो. बाबांनो, नुसत्या माझ्या भरवशावर निघू नका. खिडकीत वाकून एकदा विचारा, "ताई, हा वेळ आजचाच ना?" मला मुळीच राग येणार नाही.