पडलेला वारा

हौसाने चुलीतली चिमूटभर राख हवेत सोडली. राख सरळ तिच्याच पायांवर येऊन पडली. वारा पडला होता. म्हणजे घटकाभरात तो खाडीकडून सुटणार आणि थेट डोंगराला लागणार, हे कळायला तिला कुणाच्या मोबाइलची गरज नव्हती.

तीस वर्षं गावातले राब तिच्याच शब्दावर पेटले. पेरणीआधी शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा पसरून जाळायचा, तर आधी हौसाला विचारायचं, असा रिवाजच होता. यंदा वनखात्याने वणव्यासाठी समिती नेमली, आणि गळ्यात शिट्टी अडकवून तिची प्रमुख झाली कोण, तर हौसाची धाकटी जाऊ रेवा. बारावी शिकलेली म्हणे. आता लोक राबासाठी नावं द्यायला रेवाच्या ओटीवर जात. गार्डसाहेब चहाही तिथेच घेत. हौसाचा नुसता जळफळाट होई.

राब सकाळी नवाच्या आत पेटवायचा, असा नवा नियम होता. पण आज पाण्याचा टँकरच उशिरा आला. साडेदहा वाजून गेले, आणि उद्या टँकर मिळणार नव्हता. रेवा एकटीच बांध ओलांडून हौसाकडे आली. येताना तिने शिट्टी पदराखाली झाकली होती, हे हौसाने बरोबर पाहिलं.

"बाय, उशीर झालाय. आता पेटवू काय? वारा फिरंल काय?"

हौसाला क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, ही आत्ता विचारून जाणार आणि संध्याकाळी शाबासकी हिलाच मिळणार.

"नाय फिरत," ती म्हणाली. "पेटव."

अर्ध्या तासात वारा सुटला. ठिणग्या बांधापलीकडच्या वाळक्या गवतात पडल्या आणि आग चढणीला लागली. टँकरचा पाइप तिथवर पोचेना. सगळं गाव ओल्या फांद्यांनी झोडपत सुटलं. हौसाही झोडपत होती, अगदी जीव तोडून. दुपारी आग विझली तेव्हा गुरांसाठी राखलेलं गवत गेलं होतं, आणि रेवाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

गार्डसाहेबांनी सगळ्यांदेखत रेवाला विचारलं, नवानंतर पेटवायला कोणी सांगितलं? हौसाने हातातली फांदी घट्ट धरली.

"कुणी नाय," रेवा म्हणाली. "माजाच अंदाज चुकला."

तिने हौसाकडे पाहिलंसुद्धा नाही.

गार्डसाहेब म्हणाले, मग यापुढे हौसाबाईंनीच बघावं. माना डोलल्या. हौसाही बरं म्हणाली. इतके महिने तिला दुसरं काय हवं होतं?

बायकांनी रेवाला आंब्याच्या सावलीत नेलं. एक तिच्या हातावर पाणी सोडत होती, दुसरी तिचे केस सारखे करत होती. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. हौसा उन्हातच उभी राहून पाहत होती, आणि तिला पुन्हा रेवाचा हेवा वाटला. तिने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. कुठे साधा फोडही आला नव्हता.