लोहाऱ्यात विसरलेला रुमाल

सांगते, पण मधी कुणी बोलायचं न्हाय. मी रागीट हाय हे अख्ख्या लोहाऱ्याला ठाऊक हाय. तहसीलच्या रस्त्याला माझं पार्लर हाय, आन् भुवया करताना एखादी बाई जास्तच वळवळली तर मी दोरा खाली ठेवते नि सांगते, जा घरी, एकच भुवई घेऊन जा. तरी बाया माझ्याकडंच येतात. हात चांगला हाय माझा.

हा हात मी कशापायी शिकले, ते आधी ऐका.

पाच वर्षांमागं धाराशिवचं एक स्थळ मला बघायला आलं. पोरगा कुलदीप, पतसंस्थेत नोकरीला. त्याची आई महादेवीबाई आन् संगं जीपभर पाहुणे. आमच्या आण्णांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, चार घरच्या खुर्च्या गोळा केल्या होत्या. म्या पोहे दिले, नाव सांगितलं, राजेश्वरी लिंबाजी, शिक्षण सांगितलं, उठून चालून दाखवलं. एवढं झाल्यावर महादेवीबाई म्हणाली, "जवळ ये गं जरा."

गेले. तिनं पर्समधनं पांढरा रुमाल काढला, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं पोपट भरलेला. प्यायला दिलेल्या पाण्याच्या गिलासात बुडवला आन् माझा गाल पुसला. मग कपाळ, मग हनुवटी. ताट घासावं तसं. मग उठून दारात उजेडाला गेली, रुमाल उलटापालटा करून बघितला आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पावडर लई लावलीय. खाली पोरगी काळी हाय."

कुलदीपनं मोबाइलमधनं मान वर केली, माझ्या तोंडाकडं बघितलं आन् फिसकन हसला. "आमी कळवतो," म्हणून बाई उठली. आमच्याकडं 'आमी कळवतो' म्हंजे काय, हे शेंबड्या पोराला बी कळतं.

रुमाल खुर्चीवरच राहिला. आण्णा भोळा माणूस. पाहुण्यांची वस्तू राहिली म्हणून अनवाणी जीपमागं पळाले. जीप वेशीपाशी थांबली. बाईनं काच खाली केली, रुमाल बघितला आन् म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडंच. धुतला तरी आता तो डाग जायचा न्हाय." आतले सगळे खो-खो हसले. आण्णा तो रुमाल मुठीत धरून परत आले. नुसते पायाचे काटे काढत बसले. त्या दिवसापासनं ते कुणाच्याच पोरीच्या बघण्याला जात न्हाईत. भावकीत बोलावणं आलं तरी न्हाय.

माझं तोंड पुसलं त्याचा राग होताच. पण आण्णांना पळवलं, तो राग माझ्या हाडात गेला. म्या तो रुमाल धुतला न्हाय. सोलापूरला जाऊन कोर्स केला, पार्लर टाकलं, आन् रुमाल पिशवीत घालून मेकअपच्या पेटीच्या तळाला ठेवला. म्हणलं, कधीतरी हिच्याच लेकाचं तोंड चार माणसांत पुसीन. न्हाय पुसलं तर लिंबाजीची लेक न्हाय.

आन् ह्या चैत्रात अणदूरहून फोन आला. पोरीचं नाव शिवांजली. पुढच्या रविवारी साखरपुडा, त्याच्याआधी नळदुर्गच्या किल्ल्यात दोघांचं फोटोशूट, ते फोटो साखरपुड्याला मोठ्या पडद्यावर लावायचे. "ताई, नवरदेवाचा मेकअप बी तुम्हीच करायचा," ती म्हणाली. म्या नवरदेवाचं नाव विचारलं. धाराशिवचा, पतसंस्थेतला कुलदीप! ऐकून हातातला फोन घट्ट धरला आन् गोड आवाजात म्हणलं, "करू की. त्यांचा तर जीव लावून करू."

शूटच्या दिवशी सकाळी आठला मी अणदूरला शिवांजलीच्या घरी. पाठोपाठ धाराशिवची गाडी आली. महादेवीबाई उतरली, अंगानं जरा सुटलेली, बाकी तीच. खरं सांगते, म्या तोंड फिरवलं. वाटलं, आता वळखती का काय. पण ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पार्लरवाली कुठली गं तू?"

"लोहाऱ्याची, काकू."

"अगंबाई! लोहाऱ्याला तर आमी दोन-तीन पोरी बघितल्या होत्या. एक बी धड न्हवती. साठ-सत्तर घरं पालथी घातली तवा ही घावली."

साठ-सत्तर! म्हंजे माझं तोंडच तिच्या ध्यानात न्हवतं. पाच वर्षं मी जिच्या नावानं दात खात होते, तिला मी कोण हे बी ठाऊक न्हाय. असा जळफळाट झाला म्हणून सांगू! पण मी हसले आन् पेटी उघडली.

आधी कुलदीपला खुर्चीवर बसवलं. मेकअप करताना आमी फाउंडेशनची शेड माणसाच्या जबड्यापाशी लावून बघतो. रंगात मिसळून दिसेनाशी झाली की तीच त्याची शेड. म्या एक लावली, फिक्की. दुसरी लावली, तीबी फिक्की. शेवटी माझी स्वतःची बाटली काढली, रोज मी वापरते ती. लावली आन् दिसेनाशीच झाली. त्याचा आन् माझा रंग एकच, तसूभर बी फरक न्हाय. मला हसावं का त्याच्या थोबाडीत द्यावी, कळेना.

"जरा उजळ करा हं," मागनं बाई म्हणाली. "पडद्यावर दिसायचंय. जोडा शोभला पाहिजे."

"तुम्ही म्हणाल तेवढा उजळ करते, काकू."

तीन नंबर वरची शेड थापली. बाई खूश, पोरगा आरशात बघून त्याहून खूश. आता शेवटी तोंडावर एक फवारा मारावा लागतो, त्यानं मेकअप धरून बसतो, घाम आला तरी हलत न्हाय. म्या बाटली बदलली. त्याच्या तोंडावर साधं पाणी मारलं. किल्ल्यात चैत्राचं ऊन. बाराच्या आत घामाचे पाट वाहणार आन् मग मी रुमाल काढणार, असा माझा बेत होता.

मग आतल्या खोलीत शिवांजलीला घेतलं. बारकी, शांत पोर, बीएस्सी झालेली. तिच्या गालाला ब्रश लागला की ती मान मागं घ्यायची. दोनदा घेतली, तिसऱ्यांदा मी खेकसले, "नीट बस की! मारते का मी तुला?"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "ताई, पुसलं तर हे जाणार न्हाय ना? बघायला आल्यावर सासूबाईंनी माझं तोंड ओल्या रुमालानं पुसलं होतं. सगळ्यांसमोर. त्यात पास झाले म्हणून होकार आला. कुणी गालाला हात लावला की मला अजून ती ओल जाणवती."

माझा ब्रश थांबला. "तुझे वडील काय म्हणले?"

"बाबा म्हणले, चांगलं स्थळ हाय, गिळून घे."

म्या दार लोटलं, पेटीच्या तळाचा रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला आन् सगळं सांगितलं. पोहे, गिलास, उजेड, आण्णांचं पळणं. तिनं पोपटावरनं बोट फिरवलं, तो पिवळट डाग बघितला. मग म्हणाली, "हा मला द्या."

"न्हाय बाई. हे काम माझं हाय."

"ताई, तुम्ही पुसलं तर म्हणतील, पार्लरवालीनं सूड काढला. मी पुसलं तर पोरीनं पोरगा बघितला असं होईल. लग्न माझं हाय. बघायचा हक्क बी माझाच."

द्यायला जीव होईना. खोटं कशाला बोलू? पाच वर्षं रोज मनात तो गाल मीच पुसला होता. पण पोरीनं हात पुढं केला होता, आन् तो मागं घेत न्हवती. दिला.

किल्ल्यात अकरालाच ऊन असं तापलं की दगडाला हात लावता येईना. फोटोवाला युवराज दोघांना बुरुजावर उभं करायचा, पायऱ्यांवर बसवायचा, हे तिकडं बघा, ते इकडं बघा. महादेवीबाई छत्री घेऊन मागं मागं. शिवांजलीचे वडील बब्रुवानराव पाण्याचा जार सांभाळत झाडाखाली. मी पेटी घेऊन उभी. कुलदीपच्या कानापाशी पांढरे ओघळ सुरू झाले होते.

युवराज म्हणाला, "वहिनी, आता सरांचा घाम पुसा. प्रेमानं. ही पोझ सगळ्यांना आवडती."

शिवांजलीनं कमरेचा रुमाल काढला. जारापाशी जाऊन तो गच्च भिजवला, पिळला, आन् कुलदीपसमोर येऊन उभी राहिली. आधी गाल पुसला. मग कपाळ, मग हनुवटी. म्या सांगितलं होतं तसं, त्याच क्रमानं. अर्धं तोंड लख्ख निघालं, अर्धं चुन्याच्या भिंतीसारखं राहिलं. कॅमेरा खटाखट चालू होता, युवराजला थांबायचं भानच न्हवतं.

"अगं, काय करतीस!" बाई ओरडली.

शिवांजली दोन पावलं उजेडाला सरकली, रुमाल उलटापालटा करून बघितला आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पावडर लई लावलीय. रंगाचं काय न्हाय, खालचा रंग चांगलाच हाय. पण माणूस खोटा निघाला."

बाई धावत आली. तिनं तो रुमाल हिसकला आन् पोपट बघून जागीच थांबली. "हा रुमाल… हा तर माझा."

"तुमचाच, काकू," मी पुढं झाले. "लोहाऱ्याला विसरला होता. आमचे आण्णा द्यायला पळत आले होते जीपमागं, अनवाणी. तुम्ही घेतला न्हाय. शेजारचा जुना डाग माझा हाय, नवा तुमच्या लेकाचा. आता सांगा बघू, कुठला कुणाचा?"

बाईनं रुमालाकडं बघितलं. दोन्ही डाग एकाच रंगाचे. माझ्याकडं बघितलं, आन् ह्यावेळी नीट बघितलं. मग रुमाल मुठीत चुरगळला. काय सांगू, थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं मला. वाईट वाटायला पाहिजे होतं म्हणतात. न्हाय वाटलं. काडीचं न्हाय.

कुलदीप अर्धं तोंड हातानं झाकत माझ्याकडं आला. "ताई, हे नीट करा की लवकर. लोकं बघायलीत."

"बघू द्या," म्या पेटीची कडी लावली. "बघायलाच आलोत सगळे."

शिवांजली वडलांपाशी गेली. बब्रुवानराव खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, आता पोरीलाच रागवणार. पण त्यांनी जार तिथंच सोडला आन् गाडीचं दार उघडलं. बसायच्या आधी ती वळली, महादेवीबाईला वाकून नमस्कार केला आन् म्हणाली, "येतो मावशी. आमी कळवतो."

मी दुपारच्या एसटीनं लोहाऱ्याला आले. आण्णा ओट्यावर तूर निवडत बसले होते. त्यांच्यापाशी खाली बसले. म्हणलं, "आण्णा, त्या धाराशिवच्या पाहुण्यांचा रुमाल राहिला होता बघा आपल्याकडं. देऊन आले आज."

त्यांचा हात सुपातच थांबला. मग हळूच विचारलं, "धुऊन दिलास ना?"

"न्हाय, आण्णा. तसाच दिला."

आण्णांनी मान हलवली. मग उठले, खुंटीवरचा सदरा काढला आन् म्हणाले, "भावकीतल्या बंडप्पाच्या नातीला बघायला पाहुणे येणार हाईत आज. जाऊन बसतो जरा तिच्यापाशी."