ट्यूब लागत नाही तिथं

“मॅडम, उशाशी धरा, उशाशी. तिचं डोकं तिथं असतं.”

वीज कंपनीच्या टेस्टिंग विभागाच्या मॅडमनी हातातलं चुंबकीय क्षेत्र मोजायचं मीटर पलंगाच्या उशाशी नेलं. आकडे खालीवर झाले आणि थांबले. पलंग रिकामा होता. त्यावर झोपणारी पाच वर्षांची भिंगरी आईबरोबर दवाखान्यात रक्त तपासायला गेली होती आणि तिचा आजोबा दाराची चौकट धरून उभा होता. सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं काढलेला हा माणूस, पण त्या एवढ्याशा मीटरवरून त्याची नजर हटत नव्हती.

“शून्य दशांश चार,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे वाईट?”

“अहो काका, मर्यादा शेकड्यात आहे. हे एकालासुद्धा पोचत नाही.”

“मर्यादा कसली पण? कशाची?”

मॅडम वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण प्रश्नाला बगल देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. “ताबडतोब जे होतं त्याची. फार मोठ्या क्षेत्रात नसा झिणझिणतात, डोळ्यांपुढे चमकतं, त्याची. यात पेशी फोडायची ताकद नसते, काका. एक्स-रे वेगळा, हे वेगळं. आता वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगावर आलं तर काय, ते लोक कधीचं शोधतायत. काही पाहण्यांत अशा घरांतल्या मुलांमध्ये रक्ताचा कॅन्सर किंचित जास्त दिसला. काहींत नाही दिसला. दिसला तिथंही तो यानंच झाला, असं कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.”

“किती आकड्याला दिसला?”

मॅडमनी मीटरकडे पाहिलं. “साधारण शून्य दशांश चारच्या वर.”

त्याची नजर उशीकडे गेली.

“काका, असं तोंड करू नका. अशी घरं थोडी, त्यातली आजारी मुलं त्याहून थोडी. एवढ्या थोड्या आकड्यांवरून कुणी घर सोडत नाही.”

“मग काही होत नाही, असं लिहून द्याल?”

“आढळलं नाही, असं देते. होत नाही, असं कसं लिहू?”

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. मॅडमच्या जागी त्यानेही हेच उत्तर दिलं असतं.

“झालं का मोजून?” आतून त्याची बायको आली. “आता माझा मिक्सर मोजा. आमच्या साहेबांना जरा बरं वाटेल.” तिने मिक्सर सुरू केला, मॅडमनी मीटर जवळ नेलं आणि आकडा एकदम चाळिशीच्या पुढे गेला. बाई कमरेवर हात ठेवून हसली. “घ्या! तीस वर्षं वाटण वाटतेय, मला काय धाड भरलीय? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, ते हे बघा, आमच्या घरात राहतं.”

मॅडमही हसल्या. तो हसला नाही. बायकोनेही बंद केलेला मिक्सर उगीच पदराने दोनदा पुसला, हे त्याने पाहिलं.

कॉलनीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे टेस्टर म्हणत. लोकांच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला टेस्टर. कुणाकडे गेला की आधी फ्रीजच्या हँडलला टेस्टर लावणार, मगच खुर्चीवर बसणार. स्वतःच्या लग्नात माईकच्या दांडीला टेस्टर लावणारा नवरा दुसरा झाला नसेल. ती गोष्ट त्याची बायको अजून रंगवून सांगते. लोक हसत, पण नवा माणूस कामाला आला की साहेब त्याला याच्याच हाताखाली देत. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच्या वस्तादाने त्याला सांगितलं होतं, “भ्याला तो म्हातारा झाला.” तेवढंच वाक्य त्याने आयुष्यभर जपलं.

पण ती भीती हातात येणारी होती. इतक्या व्होल्टला इतकं अंतर, आणि हात लावण्याआधी अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडायची. ही नवी भीती कुठून धरायची तेच त्याला कळेना. तिला रंग नाही, वास नाही, आणि टेस्टर लावला तर टेस्टरही पेटत नाही.

मुलगी भिंगरीला घेऊन सध्या माहेरीच राहत होती. महिनाभर भिंगरीचा ताप जात नव्हता. नडग्यांवर काळेनिळे डाग होते, दोनदा नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा काही आजार नाही ना, एवढं बघून घेऊ. त्या दिवसापासून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आणि टेस्टरच्या मनात त्याशिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती.

क्वार्टरच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे खडी टाकलेलं यार्ड, आणि डोक्यावरून मोठ्या लाईनी गेलेल्या. तिन्हीसांजेला त्या लाईनींखाली उभं राहून काचेची जुनी ट्यूब हातात धरली, की ती आपोआप लागते. ना वायर, ना बटण. फिकट पांढरा उजेड नळीत थरथरत राहतो. सबस्टेशनातली सगळी माणसं पोरांना ही गंमत दाखवतात. टेस्टरने मुलीला दाखवली होती, ती सहा वर्षांची असताना. आणि ताप यायच्या आधी तीन रविवारी भिंगरीला दाखवली होती. ट्यूब दोन्ही हातांनी उंच धरून ती ओरडली होती, “आजोबा, माझ्या हातातनं वीज येतेय!”

आणि तो हसला होता. जगातल्या प्रत्येक हँडलला टेस्टर लावणारा तो, त्या पोरीच्या हातात ट्यूब देताना त्याने एकदाही विचार केला नाही, की ट्यूब लागते म्हणजे तिच्या अंगावरूनही काहीतरी जातंय. मन चिंती ते वैरी न चिंती. आठ दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं.

दुपारी तो ड्यूटीवर गेला. लाईन दुरुस्तीची गँग परमिटसाठी खोळंबली होती. परमिट म्हणजे एक कागद. लाईन बंद आहे, अर्थिंग केलं आहे, काम करायला धोका नाही, असं ऑपरेटरने सही करून द्यायचं, मग माणसं खांबावर चढणार. रिपोर्ट चारला मिळणार होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

“काका, ऊन उतरायच्या आत वर जायचंय,” गँगचा मुकादम म्हणाला. “स्विच उघडा दिसतोय की इथूनच, लाईन बंद आहे. करा सही.”

“‘दिसतोय’ आणि ‘आहे’, यातल्या फरकात माणसं जळतात बाबा,” टेस्टर म्हणाला. त्याने हातमोजे उचलले. तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजायला लागला. पडद्यावर मुलीचं नाव होतं.

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. मोबाईल वाजत होता आणि खिडकीबाहेर चार माणसं कमरेला पट्टे बांधून उभी होती. फोन घेतला, आणि नको ते ऐकलं, तर नंतर आपण यार्डात काय बघू आणि काय नाही, याचा भरवसा त्याला वाटेना. तो फोन तसाच वाजता ठेवून बाहेर पडला.

यार्डात त्याने तिन्ही फेजचे स्विच एकेक करून पाहिले. लांब काठी लावून लाईन मेली आहे ना, वीज उरली नाही ना, ते तपासलं. अर्थिंगचे क्लॅम्प स्वतः लावले, हिसका देऊन पाहिले. शेवटचा क्लॅम्प नीट बसलाय असं त्याला वाटेना, म्हणून त्याने तो काढून पुन्हा लावला. आत येऊन सही केली, मुकादमाच्या हातात कागद दिला, तो दाराबाहेर जाईपर्यंत थांबला आणि मग फोन लावला.

“बाबा! होतात कुठं?” मुलगी रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं. “काही नाही निघालं. रक्त कमी आहे, लोह कमी आहे, आणि ताप विषाणूचा. बाबा, ऐकताय ना? दुसरं काहीसुद्धा नाही.”

तो खुर्चीत बसला. “ऐकतोय,” म्हणाला, फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी घरात हसणंखिदळणं परत आलं. भिंगरी दंडावरची चिकटपट्टी सगळ्यांना दाखवत होती. नडग्यांवरचे डाग आजोबाने दारात बांधलेल्या झोपाळ्याच्या फळीचे होते, असं तिनेच डॉक्टरांना सांगितलं होतं म्हणे. घरात कुणी तिला विचारलंच नव्हतं.

चहा झाल्यावर मुलगी बापाजवळ येऊन बसली. ती रेल्वेत तिकीट खिडकीवर होती आणि वरच्या जागेसाठी तिला आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. नवरा बोटीवर नोकरीला. भिंगरीला आजीआजोबांकडे ठेवायचं सगळं ठरलं होतं, शाळेत नावही घातलं होतं.

“बाबा, मी मोबाईलवर नको नको ते वाचलं. लाईनी, मुलं, पेशी, काय काय. पण मॅडमनी मोजलं ना आज? तुम्ही एकतीस वर्षं यात आहात. एकदा सांगा मला, इथं काही होणार नाही ना हिला? तुम्ही सांगितलंत की मी डोळे मिटून जाईन.”

बायकोने स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द हवा होता. ‘नाही’ म्हटलं, की पोर आठ महिने घरात. टेस्टरने नातीकडे पाहिलं. ती खाली बसून त्याच्या चपलेला टेस्टर लावत होती, आणि दिवा लागत नाही म्हणून खूश होती. त्याला ती घरात हवी होती.

“मला परमिट देता यायचं नाही, पोरी,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मॅडम म्हणतात, धोका आढळलेला नाही. खरंच असेल. बहुतेक काहीच होणार नाही. पण मी स्वतः तपासल्याशिवाय कधी सही केली नाही. आणि हे तपासायचं हत्यारच माझ्याकडे नाही.” मग त्याने ट्यूबचं सांगितलं. तीन रविवार, सगळं. न सांगता भागलं असतं, रिपोर्ट चांगला आला होता. पण त्याला राहवेना.

“ती ट्यूब तुम्ही मलाही दिली होतीत, बाबा,” मुलगी हळूच म्हणाली. “मला काय झालं?”

“आढळलं नाही,” तो म्हणाला.

मुलीने भिंगरीला उचलून मांडीवर घेतलं. बायको मात्र भडकली. “अहो, त्या कागदावरच्या सह्या वेगळ्या! हे घर आहे! लेकरू आहे! एवढी घाण भीती का घालताय तिच्या मनात?” आणि ती आत जाऊन भांडी आपटू लागली.

चार दिवसांनी भिंगरीचं सामान मुलीच्या नणंदेकडे गेलं, बसने दोन तासांवर. नणंद चांगली बाई होती, पण तिची स्वतःची तीन पोरं होती. बायको आठवडाभर त्याच्याशी नीट बोलली नाही.  झोपाळा त्याने सोडला, दोराची नीट गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवली.

पहिल्या रविवारी नणंद भिंगरीला घेऊन कॉलनीजवळच्या बसथांब्यापर्यंत यायची होती. भिंगरीचा आदल्या दिवशी फोन आला होता, “आजोबा, माझा दिवा घेऊन ये. विसरू नकोस हं.”

टेस्टर अर्धा तास आधीच जाऊन बाकावर बसला, ट्यूब जुन्या टॉवेलात गुंडाळून. जागा त्याने आठवड्यातच हेरून ठेवली होती. रोज तिन्हीसांजेला ट्यूब हातात धरून तो कुंपणापासून चालत यायचा, आणि या बाकाच्या कितीतरी अलीकडेच ती विझायची. ट्यूबला सगळं कळत नाही, मॅडमच्या मीटरला कळतं ते तर नाहीच, हे त्याला माहीत होतं. पण त्याच्याकडे तेवढंच होतं.

बस आली. भिंगरी आत्याचा हात सोडून धावत आली, गळ्यात पडली आणि लगेच टॉवेल सोडायला लागली. अंधारून आलं होतं. तिने ट्यूब दोन्ही हातांनी उंच धरली आणि वाट पाहत उभी राहिली.

“लागत का नाही?”

“इथं नाही लागत, बाळा.”

“मग आपण तिकडं जाऊ या. घरी.”

“आपण इथंच बसू.”

“इथं काय मजा?” ती हिरमुसली. पण हात खाली केले नाहीत. “थांब. लागेल. आजोबा, तू पण धर.”

त्याने तिच्या हातांच्या वर आपले हात ठेवले. ट्यूब लागली नाही. त्याने दोन्ही टोकं नीट निरखून पाहिली, मग एकदा पुन्हा पाहिली, आणि बस परत फिरेपर्यंत ती दोघं तशीच धरून उभी राहिली.