दोघांनी वापरायचं यंत्र

लिदियोला ऐकू येत नाही हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त लिदियोला ठाऊक नव्हतं. निदान माझी तरी तशी समजूत होती.

लिदियो माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या मुलीचा धर्मपिता. दर शनिवारी दुपारची झोप आटोपली की तो येतो. आंब्याखाली बर्फाचा जग आणि तेरेरेचं, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या कडवट पानांच्या पेयाचं, भांडं मांडलेलं असतं. आम्ही दोघं एकाच नळीने आळीपाळीने पितो आणि मग माझ्या गाडीचं बॉनेट उघडतं. चाळीस वर्षं त्याने बसच्या गॅरेजात काढली आहेत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ही त्याची पद्धत. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हेही मला त्यानेच शिकवलं.

गाडी चिलेरे आहे, म्हणजे जपानमध्ये कुणीतरी वापरून सोडलेली, बोटीने चिलेच्या बंदरात उतरलेली आणि तिथून आमच्या इताउग्वा गावापर्यंत आलेली. आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या अशाच. गेल्या महिन्यात ती काकुपे गावाकडे जाणाऱ्या चढावर आचके द्यायला लागली. लिदियोने पहिल्या शनिवारी सांगितलं, पेट्रोलचा पंप. पंप बदलला. दुसऱ्या शनिवारी सांगितलं, फिल्टर. तोही बदलला. तिसऱ्या शनिवारी म्हणाला, "पेट्रोलच भेसळीचं आहे." दुसऱ्या दिवशी माझी बायको ओब्दुलिया सासूबाईंसाठी केलेल्या सूपचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. चढावर गाडीने असा काही आचका दिला, की अर्धं सूप तिच्या झग्यावर आलं.

"वील्फ्रिदो, त्याला ऐकू येत नाही," ती झगा पिळत म्हणाली. "परवा मी त्याला विचारलं, बर्फ संपला का? तर म्हणतो, अगं, बाप संपून वीस वर्षं झाली."

"थकला असेल."

"थकला म्हणे! शहरात ते तपासायचं यंत्र मिळतं, ते घेऊन ये. गाडीला लावलं की काय बिघडलंय ते सांगतं."

मला यंत्राचं वावडं नव्हतं. पण ते घरात आलं, की लिदियोच्या कानाचा निकाल लागल्यासारखंच होतं. बायको वारल्यापासून त्या माणसाला शनिवारखेरीज आठवड्यात दुसरं काही नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं काही नाही.

तरी बुधवारी गेलो शहरात, आसुन्सिओनला. दुकानातल्या बाईने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. पहिलं अंगठ्याएवढं, ते मोबाईलशी जोडायचं. दुसरं हातात मावणारं, लांबलचक वायरीचं, छोट्या पडद्याचं. तिसरं चांगलं पाटीएवढं होतं.

"हे घ्या सेन्योर," ती तिसऱ्यावर हात ठेवून म्हणाली. "हे बोलतं. बिघाड मोठ्याने सांगतं. मेकॅनिकची गरजच नाही."

लिदियोच्या देखत गाडीचं दुखणं मोठ्याने सांगणारी पाटी!

"दोघांनी मिळून वापरावं लागेल असं यातलं कुठलं?" मी विचारलं.

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "लोक उलटं विचारतात हो. एकट्याला जमेल असं कुठलं म्हणून."

"मी नाही विचारत."

ती हसली. "मग हे वायरीचं. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्याने बाहेर उभं राहून वाचायचं. गाडी चिलेरे आहे? मग हेच बरं, याला जपानी गाड्यांची भाषा कळते. ते स्वस्तातलं तुमच्या गाडीशी बोलायचंसुद्धा नाही."

घेतलं. मनात बेत असा, की आपण आधी गुपचूप बिघाड शोधायचा आणि शनिवारी बोलता बोलता लिदियोच्या तोंडून तो वदवून घ्यायचा. तो जिंकेल, गाडी सुधारेल, यंत्र कपाटात पडून राहील.

शनिवारी जेवण झाल्याबरोबर, गल्ली झोपलेली असताना कामाला लागलो. कागदावर लिहिलं होतं: यंत्राची वायर स्टिअरिंगच्या खाली असलेल्या खोबणीत बसवा. मी सीटवर उलटा झालो, डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. खोबण काही सापडेना. टॉर्च तोंडात धरून तासभर शोधली. त्या बाईने मला बनवलं म्हणून तिला मनातल्या मनात शिव्याही घालून झाल्या. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायावर टिचकी मारली.

"काय रे, मास्तर? गाडीला मुजरा चाललाय?"

लिदियो! आज तो झोप सोडून आला होता. मी धडपडत उठलो, स्टिअरिंगवर डोकं आपटलं आणि हातातलं यंत्र लपवायला जागाच राहिली नाही.

त्याने ते घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, ओब्दुलियाच्या बाजूचं दार उघडून गुडघ्यांवर बसला, खालचं एक झाकण काढलं आणि वायर खटकन बसवली.

"जपानात स्टिअरिंगचं चाक या बाजूला होतं," तो म्हणाला. "बंदरावर त्यांनी चाक तेवढं हलवलं. बाकीचं कोण हलवतो? बस आत. दाब."

मी दाबलं. तो डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिला. "तीन नंबरचा सिलिंडर ठिणगी चुकवतोय. का, ते हे सांगत नाही." मग त्याने तीन नंबरला ठिणगी देणारी कॉइल काढून दोनवर लावली, दोनची तीनवर, आणि मला पुन्हा दाबायला लावलं. "आता दोन नंबर म्हणतंय. कॉइल गेली. नवी आण."

तीन शनिवारांचं दुखणं दहा मिनिटांत निघालं. आम्ही आंब्याखाली येऊन बसलो. मी तेरेरे भरून दिलं. तो एकदाच प्याला, भांडं परत दिलं आणि म्हणाला, "ग्रासियास."

आमच्याकडे भांडं परत देताना कुणी आभार मानत नाही. मानले, की त्याचा अर्थ, बस झालं, मला आता भरू नकोस. लिदियोने माझ्या अंगणात जग रिकामा व्हायच्या आत हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

"गेल्या शनिवारी तू कॉइलच म्हणाला होतास," मी बोलून गेलो.

"मी पेट्रोल म्हणालो होतो. खोटं बोलायला तरी शीक, वील्फ्रिदो." तो टोपीशी चाळा करत राहिला. "मला दोन वर्षं झाली, इंजिन ऐकूच येत नाही."

"मग पट्टा कसा ओळखलास? पाण्याचा पंप?"

"तूच सांगायचास. 'कोंपाद्रे, पट्टा किरकिरतोय ना?' मी डोळे मिटून म्हणायचो, पट्टा. 'डावीकडून घरघर येते ना?' मी म्हणायचो, डावीकडचं बेअरिंग. दोन वर्षं ही गाडी तूच ऐकतोयस, लेका. या वेळी तू नुसतं विचारलंस, काय झालं असेल? मग मी काय सांगणार? आवाजच नव्हता, नुसते आचके."

मला वाटत होतं मी त्याला सांभाळतोय.

"आता ऐकणारा तू आणि सांगणारं ते यंत्र," तो उठत म्हणाला. "मग माझं शनिवारी इथे काय काम?"

आमच्याकडे पुरुष अशा गोष्टी बोलत नाहीत. खांद्यावर थाप मारतात. पण तो फाटकाकडे निघाला होता. मी पुढे होऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"मला तू गाडीसाठी नकोस, तूच हवा आहेस," मी हळूच म्हणालो.

"काय?" त्याने कानाशी हात नेला.

"तू हवा आहेस म्हटलं! गाडी गेली खड्ड्यात!"

"कोण खड्ड्यात?"

"लिदियो, मला तू हवा आहेस!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. शेजारची कुत्री भुंकायला लागली. समोरची खिडकी उघडली. ओब्दुलिया झोपेतून उठून दारात आली आणि तिने कपाळावर हात मारला. माझे डोळे भरून आले होते आणि अख्ख्या गल्लीला ते दिसत होतं.

लिदियो शांतपणे मागे फिरला, आपल्या खुर्चीत बसला आणि माझ्यापुढे हात केला.

"भर," तो म्हणाला. "पहिल्याच वेळी कळलं होतं मला."