मैत्रेयीताईंची डिश

सोललेल्या पीचला हात लागला की गार्गीच्या अंगावर शहारा येई. साल असताना त्या फळाला लव असते, आणि साल काढली की ते इतकं बुळबुळीत होतं की हातातून सुटून सिंकमध्येच जातं. आज दोनदा गेलं. दुसऱ्यांदा उचलताना गर तिच्या नखात शिरला आणि तिने मैत्रेयीताईंच्या नावाने एक शिवी हासडली. मनातल्या मनातच. मोठ्याने हासडायची सोय नव्हती, कारण पलीकडच्या खोलीत निशिकांत कुणाशी तरी फोनवर "येस, येस, ॲब्सोल्यूटली" करत होता.

परदेशातल्या, पुंगोलच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आता खोकी आणि ओट्यावरचं थोडं सामान सोडून काही उरलं नव्हतं. निशिकांतची नोकरी गेली होती. इथे नोकरी गेली की राहायचा पास जातो आणि पास गेला की थोड्याच दिवसांत आपणही जायचं असतं. रॅफल्स प्लेसच्या बँकेतला त्याचा बॉस संजीव आपल्याच पुण्याचा. त्याने निशिकांतला केबिनमध्ये बोलावून, आपल्या हाताने कॉफी देऊन सांगितलं होतं, "तुझी पोस्टच काढली रे वरच्यांनी. मी खूप भांडलो." हे घरी येऊन सांगताना निशिकांतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते नोकरी गेल्याचं नव्हतं, संजीव आपल्यासाठी भांडला याचं होतं. गार्गीला त्या क्षणी नवऱ्याची दया यायला हवी होती. तिला किळस आली, आणि ती आल्याची लाजही वाटली.

सकाळी मैत्रेयीताईंचा मेसेज आला. मैत्रेयीताई म्हणजे संजीवची बायको. 'गार्गी डिअर, जायच्या गडबडीत माझी काचेची डिश राहायला नको. आज संध्याकाळी आणून देशील? त्यातून पीच कॉबलर पाठवला होता, आठवतंय ना?' पुढे एक हसरा चेहरा.

आठवत होतं. दोन दिवाळ्यांपूर्वी त्या डिशमधून कॉबलर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला फळांचा गोड पदार्थ, आला होता आणि त्या बदल्यात गार्गीने ताईंच्या तीन पार्ट्यांचा स्वयंपाक केला होता. "तुझ्या हाताला चव आहे गं," असं म्हणून ताई तिला ओट्याशी उभी करायच्या आणि आपण बाहेर पाहुण्यांत जाऊन बसायच्या. डिश तेव्हाच परत जायची होती, पण ताईच म्हणाल्या होत्या, राहू दे, लागेल तुला.

"नेऊन देते आणि येते," गार्गी म्हणाली होती. "खाली सिक्युरिटीकडे ठेवते."

"रिकामी?" निशिकांतने असं विचारलं की जणू ती डिश फोडून देणार होती.

"चिमूटभर साखर घालते."

"गार्गी, अगं, संजीव रेफरन्स देणार आहे. पुण्यातल्या दोन कंपन्यांत त्याचा शब्द चालतो. त्यांनी आठवण काढलीय कॉबलरची, म्हणजे काय ते समज ना. एवढं कर. गोड बोल, गोड दे, आणि ये."

तिला ते समजलं होतंच. ज्या माणसाने कॉफी पाजून पाटावरून उठवलं त्याला आपण वर गोड करून न्यायचं! पण निशिकांत सकाळपासून दाढीसुद्धा न करता त्या खोलीत येरझारा घालत होता, आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायला तिचाही हात धजावत नव्हता. आईने लहानपणापासून हाताला लावलेली सवय. त्या सवयीचाही तिला आज संताप येत होता.

तिने पीच चिरले. आतल्या बीजवळचा भाग लालसर, दोऱ्यादोऱ्यांचा, आणि एका फळात तर काळी बुरशी. ते फेकलं. उरलेल्या फोडी साखर घालून शिजायला ठेवल्या, तशी त्यांना चिकट पाणी सुटलं आणि घरभर तो गोड, जड वास पसरला. डिशमध्ये लोणी वितळवलं. त्यावर मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि दुधाचं सरसरीत पीठ ओतलं. ढवळायचं नाही. मैत्रेयीताईंनी शिकवताना हे चारदा बजावलं होतं, "ढवळायचं नाही हं गार्गी, तुला सगळ्यात हात घालायची सवय आहे." पिठावर फोडी सोडल्या. त्या लोण्यात तरंगायला लागल्या तेव्हा तिने मान फिरवूनच डिश ओव्हनमध्ये सरकवली.

झालं मात्र झकास. पीठ फोडींना पोटात घेऊन वर आलं, कडेला तांबूस झालं, मधून रस बुडबुडला. इतकं देखणं झालेलं पाहून तिला आणखीच चीड आली. बिघडलं असतं तर निदान न्यायचं तरी वाचलं असतं.

निशिकांत फोन ठेवून बाहेर आला. त्याने वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी हसला. "क्या बात है," तो म्हणाला. "आता संजीव खूश."

तिने डिश टॉवेलात गुंडाळली. एमआरटीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसली तेव्हा शेजारच्या चिनी आजीने नाकाने हुंगून तिच्याकडे पाहिलं आणि "वा, सो नाइस लाह," म्हणून मान डोलावली. गार्गी ओशाळं हसली. सेरंगून स्टेशनपर्यंत ती ऊब मांडीला लागत होती आणि तिला ती नकोशी वाटत होती.

कॉन्डोतल्या फ्लॅटचं दार मैत्रेयीताईंनी उघडलं. आतून भाजलेल्या जिऱ्याचा वास, गप्पा, हसणं. पाहुणे होते.

"आलीस! थँक गॉड," म्हणत ताईंनी तिच्या हातातून डिश जवळजवळ हिसकावलीच. मग आत वळून मोठ्याने म्हणाल्या, "जाई, मी म्हटलं होतं ना, डेझर्ट येतंय म्हणून!"

गार्गी दारातच थबकली. डेझर्ट येतंय. म्हणजे ताईंनी डिश मागितलीच नव्हती. गार्गी ती रिकामी आणणार नाही, एवढं धरून संध्याकाळचं गोड मागवलं होतं. पाहुणे आपले, नाव आपलं आणि राबणं हिचं, तेही निघायच्या तोंडावर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ये ना आत, दोन मिनिटं बस," ताई म्हणाल्या. "ही गार्गी. आमची मैत्रीण. गोडाचं फार छान करते. आणि हे कुशल आणि जाई, पुण्याहून नवीनच आलेत."

सोफ्यावर एक तरुण जोडपं अवघडून बसलं होतं. संजीव हातात ग्लास घेऊन उभा होता. गार्गीला पाहताच तो ग्लासातल्या बर्फाकडे बघायला लागला.

"नवीन म्हणजे?" गार्गीने जाईला विचारलं.

"सोमवारीच जॉइन झालाय कुशल," जाई उत्साहाने म्हणाली. "संजीवसरांच्या टीममध्ये, पेमेंट्सला. आधी जे लीड होते ना, ते आईवडिलांसाठी पुण्याला परत चाललेत म्हणे. म्हणून पटकन मिळालं. आम्हाला तर लॉटरीच लागली!"

पेमेंट्सचा लीड निशिकांत होता. त्याचे आईवडील नाशिकला असतात, धडधाकट आहेत, आणि मुलाची नोकरी गेल्याचं अजून त्यांना सांगितलेलंसुद्धा नाही. काढलेली म्हणे पोस्ट! गार्गीने संजीवकडे पाहिलं. तो जवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "निशिकांतला सांग, रेफरन्सचं माझ्या लक्षात आहे. काळजी करू नका म्हणावं."

त्याच्या शब्दांत मघाच्या त्या फोडींसारखाच बुळबुळीतपणा होता. आणि या माणसाच्या रेफरन्ससाठी घरी निशिकांत वाट बघत बसला असेल, दाढी न केलेला, हसरा. त्या हसण्यासाठी गप्प बसावं असं तिला खरंच एक क्षण वाटलं. मूग गिळायचे, 'चला, निघते' म्हणायचं, आणि लिफ्टमध्ये रडायचं.

ताईंनी डिश जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली होती. भोवती छोट्या वाट्या, आइस्क्रीमचा डबा, मोठा वाढायचा चमचा. "अगं, काय रंग आलाय!" त्या म्हणत होत्या. "जाई, ही माझी रेसिपी बरं का."

गार्गी टेबलापाशी गेली. चमचा उचलला, डिशच्या बरोबर मध्यात खुपसला, आणि भरून तोंडात घातला. सावकाश चावलं. रस ओठावर आला तो चमच्यानेच निपटला, चमचा चाटला आणि पुन्हा कॉबलरमध्ये उभा रोवला.

"छान झालंय," ती म्हणाली आणि आणखी एक घास घेतला. या खेपेला दुसऱ्या टोकाकडून. कुठलीच बाजू कोरी राहू नये म्हणून मग तिसराही.

मैत्रेयीताईंच्या हातातली वाटी तशीच अधांतरी राहिली. ताई त्या चमच्याकडे बघत होत्या, नाक आक्रसलेलं, ओठ एका बाजूला ओढलेले. एवढ्या वर्षांत गार्गीने त्यांचा इतका खरा चेहरा पाहिला नव्हता.

"गार्गी! उष्टं केलंस सगळं," त्या कशाबशा म्हणाल्या. "पाहुण्यांना काय देऊ आता?"

"आइस्क्रीम आहे ना," गार्गी म्हणाली. "आणि संजीवदादा, रेफरन्सचं राहू द्या. पोस्ट काढली नव्हती, निशिकांतला काढलं होतं, एवढं मी त्याला घरी जाऊन सांगते."

कुशलने चमकून संजीवकडे पाहिलं. गार्गीने चपला पायात सरकवल्या. जाई बिचारी काहीच न कळून तिच्यामागे दारापर्यंत आली होती, नव्या देशात पहिल्यांदाच भेटलेल्या मराठी बाईला निरोप द्यावा म्हणून.

"तुमच्याकडेही येईल कधीतरी यांची एखादी डिश," गार्गी तिला म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परत द्या. घासून, पुसून, रिकामी."