गुहेच्या दारातला प्रश्न

नेब्रास्काहून निघाल्यापासून माझे सासरे ऑर्विल प्रत्येक गोष्टीला नाक मुरडत होते. बॅडलँड्सचे पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर बघून म्हणाले, "बरे आहेत, पण ऊन फार." डोंगरात कोरलेली राष्ट्राध्यक्षांची तोंडं बघून म्हणाले, "टीव्हीवर बघितलीत." त्यांना फक्त गुहा हवी होती. त्यांनी आणि माझ्या सासूबाई व्हर्ना यांनी देशभरच्या गुहा पालथ्या घातल्या होत्या. ही तेवढी राहिली होती. व्हर्ना गेल्या वर्षी गेल्या. ऑर्विलच्या गुडघ्यांची अवस्था बघता पुढच्या उन्हाळ्यात एवढ्या पायऱ्या उतरणं काही शक्य दिसत नव्हतं.

त्या सकाळी त्यांनी ठेवणीतले बूट काढले. प्रत्येक गुहेत व्हर्नाबरोबर घातलेले, लख्ख पुसलेले. मी मनात म्हटलं, निघाले नवरदेव!

गुहेच्या दारात रेंजरबाई एकेकाला विचारत होत्या, "अंगावरचं, पायातलं काही आधी दुसऱ्या गुहेत घातलं होतं का? त्याच्याबरोबर बुरशी येते आणि आमची वटवाघळं मरतात."

"छे, छे," ऑर्विल म्हणाले.

"ग्रँपा!" माझी लेक टिल्डा ओरडली. कालच बॅडलँड्समध्ये हात वर करून तिने उद्यान जपण्याची, मुलांसाठीची ज्युनिअर रेंजरची शपथ घेतली होती, बिल्ला छातीवरून हलत नव्हता. "हे गुहेचेच बूट आहेत! केंटकीच्या गुहेतल्या फोटोत तू हेच घातलेत!"

रांगेत खसखस पिकली. ऑर्विल लालबुंद झाले.

"हे बूट आत नेता येणार नाहीत, सर," बाई म्हणाल्या. "आणि अनवाणी सोडत नाही आम्ही."

ऑर्विलचे रोजचे बूट मोटेलवरच राहिले होते. ते गाडीत जाऊन बसायला वळले. मला टिल्डाचा रागही आला आणि अभिमानही वाटला. तेवढ्यात माझा नवरा गॅरेट खाली बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"डॅड, हे घाल. तुझ्याच मापाचे आहेत. मी सँडविच खात बसतो."

"तुला गुहा बघायची नाही?"

"मला? त्या भोकात? तू जा रे बाबा!"

ऑर्विलनी बूट चढवले. पायऱ्या उतरताना त्यांनी टिल्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतींवर दगडाची जाळी विणलेली होती, छतावरून स्फटिक चमकत होते. एरवी प्रश्नांनी भंडावून सोडणारी टिल्डा माझा हात धरून गप्प चालत होती.

खोल दालनात रेंजरबाईंनी आधी सांगून दिवे मालवले. डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसेना. कुणीतरी हसलं.

"टिल्डा," ऑर्विलचा आवाज आला.

"चिडलायस ना, ग्रँपा?"

"हो, चिडलोय. ग्रँमानेसुद्धा मला तिथेच पकडलं असतं. इकडे ये, हात दे बघू. अशा अंधारात मी एकटा कधी उभा राहिलेलो नाही गं."